कोकरं अलीकडं, मेंढ्या पलीकडं

होटगीच्या दक्षिणेला, जिथं इंग्रजांचा मुलूख संपून एका संस्थानाची हद्द लागायची, तिथं मायाक्का धनगरीण मेंढरं राखायची. नवरा गेल्यापासून कळप तिनं एकटीनं सांभाळला. लांडगा येवो नाहीतर मामलेदार, बाई मागं सरली नाही. तोंड तर असं, की बाजारात ती घोंगडीचा भाव करू लागली की लोक हातातलं काम टाकून ऐकायला यायचे!

हद्दीपलीकडच्या गायरानात चारणं तिच्या सासऱ्यापासूनचं. सासऱ्यानं आणि तिकडच्या श्रीमंत पाटलांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती: सुगी झाली की मेंढरं पाटलांच्या रानात बसवायची, खत त्यांचं, चारा यांचा. कागद नाही, शिक्का नाही. मायाक्काच्या लेखी बेलभंडाऱ्यापुढं कुठलंच सरकार मोठं नव्हतं. इथंच ती चुकली.

अठ्ठावीस साली दोन्ही राज्यांचं एका ओढ्याच्या पाण्यावरून बिनसलं. आता इंग्रजाला चिमटा काढायचा तर संस्थानानं काय करावं? नाक्यावर हुकूम सोडला, अलीकडचं जनावर दिसलं की धरा! अहो, ज्याच्या तोफा त्याला सोडलं आणि रांडमुंड बाईच्या मेंढ्या धरल्या. याला म्हणे राज्य करणं!

सकाळी चरायला गेलेल्या मेंढ्या नाक्याजवळच्या काटेरी कोंडवाड्यात गेल्या. आठ-आठ दिवसांची कोकरं घरी, सून ईरम्मापाशी, बांबूच्या डालग्याखाली.

"येडू, लेका," मायाक्का नाक्याच्या शिपायाला म्हणाली, "तुजा बाप मी इकलेल्या घोंगडीत निजतो. सोड मेंढ्या. कोकरं उपाशी हायत."

"अक्का, माज्या हातात न्हाय. तुमच्या सरकारचं पत्र आणा."

ती तशीच होटगीला गेली, आगगाडीत बसली आणि सोलापुरात एका सरकारी कचेरीत जाऊन उभी राहिली. कारकुनानं चष्मा पुसला.

"बाई, ते परकं राज्य. आम्हाला थेट लिहिता येत नाही. तुमचा अर्ज मुंबईला जाईल, तिथून दिल्लीला, दिल्लीहून संस्थानावर नेमलेल्या एजंटसाहेबांकडं, मग दरबारात."

"आन् तितला राजा? त्यो बोलंल की तुमच्याशी!"

"त्यालाही बोलता येत नाही. दुसऱ्या राज्याशी बोलायचा हक्क त्याच्या आजानं तहात इंग्रजांना देऊन टाकलाय."

मायाक्का ताडकन उठली. "म्हंजी राजाचं तोंड तुमच्याकडं, आन् तुमचं दिल्लीला? आरं, बांधावर भांडणाऱ्या दोन भावांना तुमच्यापरीस लई अक्कल हाय! समोर हुबं ऱ्हाऊन शिव्या तरी देत्यात!"

"ओरडू नका. तुमच्या मेंढ्या आता राजकारणाचा प्रश्न झाल्यात."

"आया हायत त्या! प्रश्न कुटनं झाल्या?"

ती परतली तेव्हा ईरम्मा चिंधी शेळीच्या दुधात बुडवून कोकरांच्या तोंडात पिळत होती. उजाडेपर्यंत दोन कोकरं ताठ झाली.

मायाक्का रडली नाही. उरलेली कोकरं तिनं डालग्यांत भरली, तट्टावर लादली, नाक्यासमोर हद्दीपर्यंत नेली. पाऊल पलीकडं टाकलं नाही हां! अलीकडंच मेंढरं कोंडायची दोरीची वाघर लावली, जाळीत कोकरं सोडली आणि शेजारी फतकल मारून बसली.

कोकरांनी टाहो फोडला. कोंडवाड्यातून उत्तर आलं. मग एक मेंढी काट्यावर चढली, तिच्या मागं दुसरी, आणि बघता बघता कुंपण आडवं. आयांपुढं कुठली हद्द नि कुठला हुकूम! येडूनं काठी उगारली आणि तशीच खाली ठेवली.

"कोण हाकलतंय?" अंमलदार धावत आला.

"कुणी न्हाय साहेब. त्यांच्या त्या निगाल्या."

हद्द ओलांडून आलेल्या मेंढ्या मायाक्कानं जाळीत घेतल्या आणि प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली शिरलं. दोन मेंढ्या मात्र वास घेत फिरत राहिल्या.

तीन महिन्यांनी तोच कारकून कागद घेऊन मायाक्काच्या घरी आला. दोन्ही सरकारांच्या समजुतीनं प्रकरण मिटलं, असं त्यात होतं. अंगठा हवा होता.

"ह्यात माजी दोन कोकरं कुटं हायत?"

"त्यांचा उल्लेख नाही, बाई. मेंढ्या मिळाल्या ना?"

"कोकरं लिवा आदी."

"मला तो अधिकार नाही."

"मग अंगठा बी न्हाय."

कारकून विनवून थकला. शेवटी अंगठ्याची जागा कोरी ठेवूनच होटगीच्या वाटेला लागला. मायाक्का मागून ओरडत होती, "दिल्लीला सांग, दोन मेली! एक काळं, एक बांडं!"