सुध्याच्या मेपलचा रोग

सुध्या माझ्याशी सहा महिने खोटं बोलला आणि मग मेला.

आज वर्ष झालं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सुधाकर रोह्याचा, मी पेणचा. नागोठण्याला कंपनीत एकाच शिफ्टला अख्खी नोकरी काढली. आणि जपानी मेपलचं बोन्साय पाळायचं खूळ या सगळ्या पट्ट्यात आम्हा दोघांनाच.

झाड आधी माझं. म्हणजे सुमनचं, माझ्या बायकोचं. हिमाचलच्या ट्रिपला हट्टाने घेतलंन आणि मांडीवर ठेवून पेणला आणलंन.

आपल्याकडच्या उकाड्यात ते जगायलाच नको होतं. विहिरीच्या बाजूला, हिरव्या नेटखाली लाडाने जगवलं.

सुध्याने त्याच्या एका फांदीची साल सोलून गुटी बांधली. मुळं फुटल्यावर ती फांदी कापून रोह्याला नेली. तिचंही झाड झालं.

मे महिन्यात पानं करपली की मी घाबरून फोन करायचो.

"सगळ्या बाजूनं करपलंय?"

"हो रे."

"मग ऊन हाय. रोग एका फांदीपासनं सुरू होतो. जेव आणि झोप गप."

सुमनच्या आजारपणात वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर माझ्या शेजारी हाच बसलेला असायचा. चहा आणायचा, गार झाला की दुसरा आणायचा.

ती गेली, आणि त्याच वर्षी मेपलच्या एका फांदीने मान टाकली. माती ओली, तरी पानं लोंबलेली.

सुध्या आला. फांदी आडवी कापली आणि आतले हिरवट-काळे डाग दाखवले.

"मातीतली बुरशी हाय. औषध नाय याला. जाळायला लागंल."

मी रडलो. सुमन गेली तेव्हा धड रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या झाडापुढे निघालं.

झाड जाळलं. माती मी निर्माल्यासारखी नदीत सोडायला निघालो होतो. तर हा पिशवी हिसकावून घेत म्हणाला,

"येडा हायस काय? खाली लोकांची वांगी हायत. त्यांना पण लागतो हा."

मग पत्र्यावर माती भाजत बसलो दोघं. शेजारचे बघून हसत होते.

तेव्हा त्याने नियम घातला. ज्याच्या घरी रोग, त्याच्याकडे दुसऱ्याने जायचं नाही. चपलेची माती, कात्री, हात, कशातूनही जातो. कात्री दर वेळी स्पिरिटने पुसायची.

नंतर त्याने त्याच्या झाडावर गुटी बांधून मला वीतभर मेपल परत दिलं. सुमनच्या झाडाचं नातवंडच म्हणा ना. म्हणाला, "दोघांकडं एक एक असू दे. एकाचं गेलं तरी दुसऱ्याचं राहील."

मागच्याच्या मागच्या गणपतीनंतर त्याचा फोन.

"अरुण, माझी एक फांदी लोंबतेय."

"एकच?"

"एकच. माती ओली हाय."

"कापून बघ."

दोन दिवसांनी म्हणाला, "हिरवट-काळं हाय आतून."

जाळ म्हटलं, तर ऐकेना. "बाजूला ठेवलंय, बघतो काय होतंय. पण तू येऊ नको. तुझं झाड जाईल."

नाही गेलो. सहा महिने.

रोज फोन. झाड कसं आहे, रोगाने नवीन फांदी धरली का, बुरशीनाशक घातलंस का. तो सगळं व्यवस्थित सांगायचा. आवाज बारीक झाला होता. विचारलं तर म्हणे सर्दी हाय.

शिमग्याच्या आधी वहिनींचा फोन आला. सुध्या गेला.

स्मशानात लोकांकडून कळलं, पोटाचा कॅन्सर होता. मला वाटलं, बिचारा, स्वतः आजारी आणि वर झाडही आजारी. मला मात्र झाडाचंच सांगितलंन.

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, मागच्या दारी जा, झाड बघा.

मी सवयीने चपला बाहेर काढल्या. पिशवीतून स्पिरिटची बाटली काढून हात पुसायला लागलो.

"भावोजी, नका पुसू. झाडाला काय झालेलं नाय."

मागे जाऊन बघितलं. लाल पालवी फुटली होती, एकूण एक फांदीला. कात्री लागल्याची खूणसुद्धा नव्हती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो मला माझ्याच झाडाचा रोग सांगत होता. शब्दन् शब्द तोच.

"असं का केलंन?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "सुमनताईंच्या वेळी तुम्ही सगळं बघितलंत. परत तेच बघायला लावायचं नाय, म्हणाले. खरं कळलं तर अरुण रोज येऊन बसंल. माणसासाठी थांबायचा नाय तो, झाडासाठी थांबंल."

बरोबर ओळखलं होतंन. थांबलो मी.

वहिनी म्हणाल्या झाड घेऊन जा. नाही आणलं. एक रोह्याला, एक पेणला, हे त्यानेच ठरवलेलं. महिन्यातून एकदा जाऊन छाटणी करतो.

मागच्या मे महिन्यात पानं करपली. फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि तसाच बसून राहिलो. ऊनच होतं, मला कळत होतं. पण तसं सांगणारं कुणी नव्हतं. घरात तर बोलायला आधीच कुणी नाही.

सुध्या, तू मला वाचवायला गेलास. पण मला वाचायचं नव्हतं रे. मी बघितलं असतं. परत सगळं बघितलं असतं. तुझ्यासाठीही गार चहा बदलून आणला असता.

आज सकाळच्या गाडीने रोह्याला निघालोय. कात्री घेतलेली नाही.

झाडाकडे नाही येत आज. तुझ्या फोटोपाशी नुसता येऊन बसणार आहे. हीच माझी श्रद्धांजली समज.