या खेपेचं इंजेक्शन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर ती जाईपर्यंत नाही. तुम्हाला का सांगते आहे – ठाऊक नाही.

माझा धाकटा भाऊ सुहास कॉलेजात असताना आजारी पडला. भिंतीपलीकडून माणसं आपल्याविषयी बोलतात, असं त्याला वाटायचं. रोजच्या गोळ्यांवरून घरात महाभारत, म्हणून डॉक्टरांनी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. ते मानवलं. त्याला झोप लागू लागली, संध्याकाळी गळ घेऊन तो जेटीवर गरवायला जाऊ लागला, मिळालेली मासळी आईपुढे ऐटीत टाकू लागला. फक्त इंजेक्शननंतर काही दिवस हात थरथरायचे, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची. डॉक्टर अधूनमधून तपासायचे. दर महिन्याचं इंजेक्शन मात्र आळीतल्या दवाखान्यात, तिथल्या सिस्टरकडून घ्यायचं. त्याला तिथे नेणं माझं काम.

आणि माझा साखरपुडा ठरला. संगमेश्वरहून मंडळी येणार. सुहासबद्दल त्यांना आम्ही काय सांगितलं होतं? काहीच नाही. इंजेक्शन नेमकं त्याच आठवड्यात आलं. मी त्याला म्हटलं, सिस्टर रजेवर आहेत. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला – त्या आजाराची भीती माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होती.

साखरपुड्यात सुहासने सगळ्यांना सरबत दिलं, थेंबभर सांडलं नाही. मला किती बरं वाटलं! लाज वाटायला हवी होती, नाही? त्यानंतर तरी न्यायचं – तेही नाही. तारीख चुकली तर लपवू नका, लगेच या, पुढचं मी ठरवीन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चुकली म्हणायचं तर का चुकली तेही आलं. आज-उद्या करत राहिले.

मग एका दुपारी तो घरातून निघून गेला. हातखंब्याच्या तिठ्यावर सापडला. अनवाणी, ट्रकवाल्यांना हात जोडून गप्प बसा म्हणत होता.

डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन वेळेवर झालं होतं ना? मी हो म्हटलं.

सुहास शेजारीच होता. तेवढ्या गोंधळातही शांतपणे म्हणाला, "नाय हो डॉक्टर. या खेपेचं झालंच नाय. ताईने नेलंच नाय मला."

आणि मी – मी डॉक्टरांकडे बघून नुसती मान हलवली. हा हल्ली असंच काहीबाही बोलतो, अशा अर्थाने. त्याचं कोण ऐकणार, हे मला माहीत होतं. तेच मी वापरलं.

नियमित घेऊनही आजार उलटला असं समजून डॉक्टरांनी डोस वाढवला. आता सुहासला गळाला आमिष लावता येत नाही, बोटं ऐकत नाहीत. जेटीवर जाणं सुटलं. खरं सांगायचं म्हणून मी कितीदा डॉक्टरांच्या दाराशी बसले. आत गेले की तब्येत ठीक आहे, एवढंच तोंडातून निघायचं.

परवा इंजेक्शन घेऊन परतताना तो म्हणाला, "ताई, तेव्हा तू नेलं होतंस ना गो मला? माझंच डोकं फिरलेलं. उगाच तुझ्यावर आळ घेतला मी."

मी म्हटलं, हो. नेलं होतं.