मशीननं पाहिलं नाही, असं लिहा

माझ्या मामांना विमानतळावर पकडलं, असं आमच्या नात्यात सगळीकडे सांगतात. साफ खोटं आहे ते. मामांना कुणीही पकडलं नाही. पकडायची ज्यांची नोकरी होती त्यांनी मामांचं नेलकटर पकडलं, पाण्याची बाटली पकडली, आणि रिव्हॉल्व्हरला मानानं पुढे जाऊ दिलं. मामांनी स्वतःच स्वतःला पकडून दिलं, आणि तेही इतकं मन लावून की शेजारी उभ्या असलेल्या मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

मामा एका कारखान्याचे गेटवाले. उभा जन्म त्यांनी त्या लोखंडी दारात काढला. पाळी सुटली की एकेकाचा डबा उघडायचा, पिशवी झटकायची, सायकलच्या सीटखाली बोटं फिरवायची. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यातून एक स्क्रूसुद्धा बाहेर गेला नाही असं ते सांगत. कामगारही तेच सांगत, फक्त सोबत एक शिवी जोडून. कामगारांनी त्यांचं नाव ‘कुलूप’ ठेवलं होतं, आणि मामांना त्याचा राग येण्याऐवजी अभिमान होता. एकदा त्यांनी मालकाच्या साडूची गाडी अडवून डिकी उघडायला लावली. त्याबद्दल ठपका मिळाला, तो ते पदक मिळाल्यासारखा सांगायचे.

पूर्वी पगार रोखीत होई तेव्हा बँकेतून रक्कम आणताना मामा सोबत असत. त्यासाठी रिव्हॉल्व्हर, परवान्यासकट. ते बाळगायला एक काळी चामड्याची बॅग, आणि बॅगेच्या तळाखाली चांभाराकडून खास शिवून घेतलेला चोरकप्पा. पुढे पगार परस्पर बँकेत जमा व्हायला लागले, मामा निवृत्त झाले, गोळ्याही परत गेल्या. रिव्हॉल्व्हर मात्र राहिलं. घरात त्याला ‘वस्तू’ म्हणत. मामा कामावरून येऊन वस्तू टेबलावर ठेवत आणि मामी, चपला जागेवर लावाव्यात तशी, ती उचलून चोरकप्प्यात सारत असे. त्या हातांना ती सवयच लागून गेली.

मामांना एकुलती एक मुलगी. ती परदेशात नोकरी करते. तिनं तिथंच लग्न ठरवलं आणि फोनवर सांगितलं. मुलगा शिकलेला, कमावता, निर्व्यसनी. नाव ठेवायला कुठंच जागा नव्हती, म्हणून मामांनी ती शोधून काढली. “तिनं विचारलं नाही, कळवलं.” झालं! मामांनी अबोला धरला. आधी मुलीशी, मग मुलीची बाजू घेते म्हणून मामीशी. मी त्याच गल्लीत राहणारा भाचा, त्यामुळे टपालखातं आपोआप माझ्याकडे आलं.

“तुझ्या मामीला सांग, चहात साखर कमी आहे.”

मामी समोरच उभी. “तुझ्या मामांना सांग, डॉक्टरांनी कमीच सांगितलीय.”

असा सुखाचा संसार चालला होता. लग्नाला मामी एकटीच पुढे गेली. मामा येणार नाहीत हे तिनं धरूनच चाललं होतं, कारण मामांनी ते माझ्यामार्फत तिला शंभर वेळा कळवलं होतं. जाण्याआधी तिनं माघारी पिठाला किडे होऊ नयेत म्हणून स्वयंपाकघरातले डबे रिकामे करून घासले. पिठाच्या डब्यात वस्तू निघाली. कुणावरचा विश्वास उडाला की मामा घरातल्या चीजवस्तूंच्या जागा बदलतात. मुलीच्या प्रकरणानंतर त्यांनी वस्तू पिठात पुरली होती. मामीनं ती झटकली, पुसली आणि हाताच्या सवयीनं बॅगेच्या चोरकप्प्यात ठेवून दिली. मामांना सांगितलं का? कसं सांगणार, अबोला होता ना! टपालवाला त्या दिवशी नेमका गावाला गेलेला. रिकाम्या डब्यात तिनं नवऱ्यासाठी साखर भरून ठेवली, आणि गेली.

मामीच्या माघारी मामा चार दिवस मोठ्या ताठ्यात राहिले. मग मुलीचा मला फोन आला. “बाबांना एवढंच सांग. लग्न कचेरीत सही करून होणार. एक साक्षीदार आई. दुसरी जागा बाबांची. नाही आले तर कचेरीतलाच कुणी उभा करीन.” मी निरोप पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात हजर.

“तिकिटं काढ. तुझंही काढ. मला विमानातलं काही कळत नाही.”

व्हिसे लेकीनं आशेनं आम्हा तिघांचेही आधीच करून ठेवले होते. ज्या विमानानं लग्नाआधी पोचता येईल असं एकच उरलं होतं. मी मामांच्या लेकीला कळवलं तर ती फोनवर रडायलाच लागली. मामा इकडे बॅग भरत होते. नवी बॅग मी आणून दिली होती, तिची चेन त्यांनी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, “ही तर दातांनीही उघडेल.” म्हणून ती जुनी काळी बॅग. परक्या देशातल्या हॉटेलांच्या दारांवर भरवसा नाही म्हणून तिच्यात त्यांनी आपली कुलपं घेतली, एक साखळी घेतली, बॅटरी घेतली, स्टीलचा डबा घेतला. निघताना पिठाचा डबा उचलून पाहिला. चांगला जड लागला. वस्तू आहे जागेवर, अशी खात्री करून त्यांनी स्वयंपाकघरालाही कुलूप लावलं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत मामांची कळी खुलली. असा खूश झालेला माणूस मी लग्नमांडवातही पाहिला नाही. “बूट काढायला लावत नाहीत बघ. त्या टोपीवाल्याची टोपी नाही बघितली. ती मशीनवरची पोरगी बघ, गप्पा मारतेय.” पोरगी खरंच शेजारणीला स्वतःच्या रजेचं काहीतरी सांगत होती. मामांची बॅग मशीनमधून सरकली. पडद्यावर कुलपं, साखळी, बॅटरी, डबा असा भंगारवाल्याच्या हातगाडीवरचा माल दिसला. तिनं एका शिपायाला खूण केली. त्यानं बॅग उघडून वरवर हात घातला, नेलकटर काढलं, पाण्याची बाटली काढली आणि देशाची सुरक्षा पक्की केल्याच्या समाधानानं दोन्ही टोपलीत टाकलं.

मामांना राहवलं नाही. “बॅगेचा तळ नाही बघितलात?”

“काका, पुढे व्हा. मागे रांग आहे.”

“तळ बघायला शिका,” असं सुनावून मामा पुढे झाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

विमानात सोडायला अजून अवकाश होता. आम्ही खुर्च्यांवर बसलो. मामांनी खिशातला घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तो चोरकप्प्यात ठेवायला तळाखाली हात घातला. हात आत गेला तो आतच राहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“काय झालं मामा?”

“वस्तू.”

मी इकडेतिकडे पाहत म्हणालो, “संडासातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू. चला.”

“म्हणजे झाडणाऱ्या बाईच्या हाताला लागेल. तिला धरतील.”

“मग गप्प बसून चला. कुणी पाहिलं नाही.”

“तिथं उतरल्यावर?”

तिथं उतरल्यावर काय, ते मलाही कळत होतं. मामा उठले आणि बॅग छातीशी धरून आल्या वाटेनं परत चालू लागले. त्या मशीनवरच्या मुलीपुढे जाऊन उभे राहिले आणि वर्दी दिल्यासारखं म्हणाले, “माझ्या बॅगेत रिव्हॉल्व्हर आहे. रिकामं आहे.”

“काका, असले विनोद इथं करू नका. आत टाकतील.”

“मी विनोद करत नाही.” हे शंभर टक्के खरं होतं. जन्मापासून त्यांनी एकही केलेला नाही.

त्यांनी तळ उचकटून दाखवला. मग मात्र सगळे कसे खडबडून जागे झाले! मघाशी ज्या बॅगेकडे बघायला कुणाला सवड नव्हती तिच्याभोवती आता बंदुका रोखल्या गेल्या. रांगेतली माणसं मागे पळाली. आम्हा दोघांना हात वर करायला लावून एका खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचं यंत्र आणि त्याला पेला नाही, अशी ती खोली.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं परवान्याची प्रत पाहिली, मामांच्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन लावला, पिठाच्या डब्याची हकिकत शेवटपर्यंत ऐकली आणि मान डोलावली. “माझा विश्वास आहे तुमच्यावर. आता असं करू. तपासणीच्या आधीच तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही स्वतः आणून जमा केलंत, असं लिहू. वस्तू इथल्या ठाण्यात राहील, परत आल्यावर तिथून न्या. विमान अजून आहे. पळा.”

दारात ती मशीनवरची मुलगी उभी होती, डोळे लाल. तिनं मोठा श्वास सोडला. मीही सोडला. इतक्या लोकांचं एकाच खोट्यानं भलं होण्याचा योग रोज येत नाही.

मामा म्हणाले, “पण ती मशीनमधून गेली.”

“गेली. तेवढं लिहायचं नाही.”

“मग उद्या दुसऱ्या कुणाची जाईल. तिच्यात गोळ्या असतील.”

मामांचं बरोबर होतं. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं.

“मशीननं पाहिलं नाही, असं लिहा,” मामा म्हणाले. “मी सही करतो.”

“काका, माझी नोकरी जाईल हो,” मुलगी म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या लेकीपेक्षा थोडी लहान असेल. मला वाटलं, आता तरी विरघळतील. ते म्हणाले, “गेटवर बसलं की गप्पा मारायच्या नसतात, बाळ.” आवाज मऊ होता, पण एक शब्द मागे घेतला नाही.

माझा तोल गेला. “मामा, तिकडे लेकीचं लग्न आहे! एका ओळीचा प्रश्न आहे. ती ओळही तुम्ही लिहीत नाही आहात, ते साहेब लिहितायत. तुम्ही नुसती सही ठोका!”

“तीच तर करायची नाही.”

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. खरं लिहायचं म्हटल्यावर सगळंच खरं लिहिणं भाग होतं. निष्काळजीपणाचा गुन्हा, जबाब, आणि चौकशी होईपर्यंत पासपोर्ट जमा. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. मामा म्हणाले, “लिहा.” बाहेर आमच्या विमानाची शेवटची हाक झाली. आमची नावं इतकी वेडीवाकडी उच्चारली की ती दुसऱ्याच कुणाची असावीत असं वाटलं. हाक थांबल्यावर मामांनी मला हळूच विचारलं, “दुसरं नाही ना एखादं?” तेव्हा मला कळलं की त्यांना यायचं होतं. अगदी मनापासून यायचं होतं.

जबाब उरकून आम्ही घरी आलो, आणि लग्नाच्या कचेरीच्या दारात मामी आणि लेक वाट पाहत असतील अशा बेतानं मी फोन लावला. मामीनं उचलला. मी सांगितलं तशी ती ओरडलीच, “अगं बाई! मीच ठेवली ती. माझ्याच हातानं ठेवली!” तिच्या हातून फोन लेकीनं घेतला. मी संतापात होतो, मामांचं गाऱ्हाणं सांगायला मला तिच्याशिवाय कोण होतं? मी म्हणालो, “सोडत होते गं त्यांना! नुसती एक सही करायची होती. नाही केली.”

पलीकडून ती म्हणाली, “सोडत होते?”

“हो ना!”

“बाबांना दे.” मी आवाज दोघांनाही ऐकू येईल असा करून फोन टेबलावर ठेवला. “बाबा, यायचं नव्हतं तर तसं म्हणायचं. एवढं कशाला केलंत?”

“अगं, चुकून राहिली. तुझ्या आईनं—”

“तुमच्या बॅगेत चुकून काही राहतं? तुमच्या? साऱ्या कारखान्याला विचारा.”

मागून मामी रडत सांगत होती, मीच ठेवली गं, खरंच मी. तर लेक तिलाच म्हणाली, “आई, पुरे आता. शाळेत आले नाहीत की तू म्हणायचीस, तब्येत बरी नाही. जेवायला थांबले नाहीत की म्हणायचीस, काम होतं. आता हेही तूच ठेवलंस.” मग पुन्हा फोनवर, अगदी शांतपणे, “ठेवते बाबा. आत बोलावतायत.”

दुसरा साक्षीदार म्हणून कचेरीतला शिपाई उभा राहिला. अनोळखी अधिकाऱ्यानं मामांवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला होता. पोटच्या पोरीनं नाही ठेवला, आणि तिचं काही चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. मामांनी तो बंद फोन रुमालानं पुसला आणि माझ्यापुढे सरकवला. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

पुढे व्हायचं ते झालं. दंड झाला, परवाना गेला, वस्तू सरकारजमा झाली. मशीनवरच्या त्या मुलीला सामान ढकलायच्या कामावर टाकलं असं ऐकलं. मामी परतली, आणि घरातला अबोला मिटला. त्याला आता कारणच उरलं नव्हतं.

लेक फोन करते, दर सुट्टीच्या दिवशी, आईला. मामा तिथंच टेबलाशी बसलेले असतात, आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. बोलून झालं की मामी फोन त्यांच्यापुढे करते आणि म्हणते, “बाबा आहेत हं इथं, देते.” पलीकडून घाईघाईनं उत्तर येतं, “राहू दे, कामात असतील.” मामांना निवृत्त होऊन किती काळ लोटला, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

मामी काही बोलायला तोंड उघडते. मामा हातानं तिला थांबवतात आणि अगदी हळू आवाजात म्हणतात, “हो म्हण. कामात आहेत म्हण.”