पंचवीस हजार दिनारला गिऱ्हाईक मिळेना

इस्माईलचाचांनी माझ्या काउंटरवर चार नोटा मांडल्या. प्रत्येक नोट पंचवीस हजारांची. इराकी दिनार.

"ताई, ह्या मोडायच्या न्हाईत. खऱ्या हायत का तेवढं बघा. मग गाळा विकायचा का न्हाई ते ठरवतो."

मी साताऱ्यात एका बँकेच्या फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर बसते. परदेशी चलन घ्यायचं, द्यायचं, बाहेरून आलेले पैसे रुपयांत करून खात्यात टाकायचे. माझ्याकडे येतात ते मुलीला जर्मनीला धाडणारे आईबाप, नाहीतर ट्रिपहून उरलेले वीस डॉलर मोडायला येऊन वीस प्रश्न विचारणारे लोक. गाळा विकायला निघालेलं कुणी येत नाही. मी पेन खाली ठेवलं.

चाचांचा उंब्रजला हायवेलगत फॅब्रिकेशनचा गाळा. गेट, ग्रिल, उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. वय सत्तरच्या पुढं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इराकचा दिनार लवकरच जुन्या भावाला जाणार. तसा गेला की एका नोटेचे साठ लाख. आज नोट मिळत होती सहा हजारांना. चार घेऊन झाल्या होत्या. आता गाळा विकून पिशवीभर घ्यायच्या होत्या.

नोटा खऱ्या दिसत होत्या. मी कॉम्प्युटरवर भाव काढला. एक दिनार म्हणजे सहा-सात पैसे.

"चाचा, अख्खी नोट सतराशेच्या आत आहे. तुम्ही सहा हजारांना घेतलीत."

"आजचा भाव मला म्हाईत हाय," ते शांतपणे म्हणाले. "मी जुन्या भावाचं बोलतोय. आवं, मी तिथं होतो."

आणि ते खरंच होते. ऐंशीच्या दशकात बसऱ्याजवळ एका प्रोजेक्टवर वेल्डर. "एका दिनारला चाळीस रुपये यायचे. त्या पगारावर हितलं पत्र्याचं घर स्लॅबचं झालं. दोन बहिणींची लग्नं झाली. अन् तुमी म्हंता सहा पैसे."

मी जुने भाव शोधले. तेव्हा दिनार तीन डॉलरच्या वर होता, तेव्हाच्या रुपयांत अडतीस-चाळीस. तेच तीन डॉलर आजच्या रुपयांत अडीचशेच्या घरात जातात, नोटेचे साठ लाख तिथून आले होते. चाचांचा चाळीसचा आकडा तंतोतंत बरोबर. गिऱ्हाइकाची आठवण स्क्रीनशी जुळते, असं माझ्या नोकरीत क्वचित होतं. आणि नेमकी तीच अडचण होती.

सल्ला घ्यायला मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि ड्रॉवर उघडला. आत दोन नोटा. पंचवीस हजारांच्या.

"भाच्यानं दिल्यात," साहेब म्हणाले. "लाँग टर्म आहे."

"सर, आपण बँक आहोत."

"म्हणून तर ड्रॉवरमध्ये ठेवल्यात. लॉकरमध्ये नाही."

सल्ल्याशिवाय मी परत आले.

चाचांना मी समजावून सांगितलं. तो चाळीसचा भाव इराक सरकारनं ठरवून दिलेला होता. मग युद्ध झालं, निर्बंध आले, सरकारनं वारेमाप नोटा छापल्या आणि दिनार मातीमोल झाला. पुढं राज्य बदललं, त्या नोटा रद्द झाल्या आणि नवीन छापल्या. नाव दिनारच ठेवलं. तुम्ही पगारात घेतलेली नोट वेगळी आणि ही वेगळी.

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?"

"तुम्ही खरंच बोलताय. तुम्हाला विकणारा खोटं बोलतोय."

"मग त्यालाच बोलवतो. समोरासमोर हून जाऊ द्या."

नोटा विकणारा प्रशांत तासाभरात हजर झाला. पांढरा शर्ट, हातात लॅमिनेट केलेला ग्राफ. ग्राफमध्ये डावीकडं डोंगर, उजवीकडं सपाट माळ. "मॅडम, जिथनं पडलाय तिथंच परत जाणार," त्यानं डोंगरावर बोट ठेवलं. मी त्याला रद्द झालेल्या नोटांचं सांगितलं. त्यानं मला 'निगेटिव्ह माइंडसेट'बद्दल सांगितलं. चाचा एकदा त्याच्याकडं बघत होते, एकदा माझ्याकडं. ग्राफ त्याच्याकडं होता. माझ्याकडं बँकेचा पंखा आणि रांगेत ताटकळलेले चार लोक.

मग मी भिंतीवरचा बोर्ड दाखवला. आमच्याकडं प्रत्येक चलनाचे दोन भाव लिहिलेले असतात. बँक ज्या भावानं तुमच्याकडून घेते तो बाय रेट. ज्या भावानं तुम्हाला देते तो सेल रेट. बाय थोडा कमी असतो, मधला फरक बँकेचा.

"तुमचा सेल रेट सहा हजार," मी प्रशांतला म्हणाले. "बाय किती?"

"हे विकायचं नसतं मॅडम. होल्ड करायचं."

आता चाचा बोलले. "मला पैशाची नड हाय असं समज. पाच हजाराला एक, अशा चारी घे."

"चाचा, नुकसान तुमचंच हाय."

"हुंदे. तीनला?"

"सध्या फंड अडकलाय."

"हजाराला घे."

इथं मी मनातल्या मनात हिशेब केला. हजाराला घेऊन त्यानं जगात कुठंही खऱ्या भावानं विकली असती, तरी नोटेमागं सहा-सातशे सुटले असते. गड्याला खरा भावच माहीत नव्हता. तो घड्याळ बघायला लागला.

चाचांनी नोटा गोळा केल्या. "साठ लाखाची नोट हजाराला सोडंल, एवढा येडा तू न्हाईस रं," ते म्हणाले. "जा आता."

तो गेला. ग्राफही घेऊन गेला.

चाचा खुर्चीतच बसून राहिले. मी पाणी दिलं. "लढाई बसऱ्यापत्तूर आली तवा चार महिन्यांचा पगार तिथंच ऱ्हायला," ते ग्लासाकडं बघत म्हणाले. "एक बॅग घिऊन पळून आलो आमी. मला वाटलं, उशिरानं का हुईना, त्यो पगार माझ्याकडं यायला लागलाय." असा बुडालेला पगार कसा मोजायचा ते बँकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. मी रांगेतल्या पुढच्या माणसाला थोडं थांबायला सांगितलं.

गाळा विकला गेला नाही. फसलेले आणखी पाचजण चाचांनीच गोळा केले आणि पोलिसांत तक्रार दिली. तोवर प्रशांतचा फोन बंद झाला होता. चोवीस हजार गेले ते गेलेच. चार नोटा अजून चाचांकडं आहेत. आमची बँक हे चलन घेतच नाही, त्यामुळं नोटेमागं सोळा-सतराशेही हातात येत नाहीत.

आमच्या टेबलावर नवीन माणूस आला की मी त्याला एवढंच सांगते. जुना भाव सांगणाऱ्याशी वाद घालू नको, बहुतेक वेळा तो खरं सांगत असतो. त्याला फक्त विचार, आज घेणारा कोण आहे.