पाण्यानं जाणारा रोग

ॲम्ब्युलन्सवर नोकरी केलेल्या माणसाला कधी गप्पांना बसवू नये. एक किस्सा सांगून होत नाही तर दुसरा तयारच असतो, आणि दुसऱ्यातली माणसं पहिल्यातल्यांपेक्षा जास्त येडी निघतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्याच्या गाडीवर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होतो. ड्रायव्हर गुलाबभाऊ. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडला असेल, तर सरळ उचलून आणा. पण नुसतीच धडधड सुटली असेल आणि बीपी ठीक असेल, तर श्वास कोंडून जोर लावायला सांगा, तोंडावर गार पाण्याचं फडकं ठेवा. पुष्कळदा ठोके जागच्या जागी ताळ्यावर येतात. मग पेशंटला घरीच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत बोलवा.

झालं! घरच्या घरी बरं होणं हा लोकांना अपमान वाटायचा.

*

धरमपेठेतले एक रिटायर्ड हेडमास्तर. मी म्हटलं, सर, नाक-तोंड बंद करा आणि संडासला बसल्यासारखा जोर लावा. नाडी मोजता येत नव्हती इतकी पळत होती, बनियन घामानं चिंब, तरी त्यांनी आधी मला भाषा सुधारायला सांगितली. समोर सुना उभ्या होत्या ना! सुनांना बाहेर काढलं, दार लोटलं, तेव्हा कुठे त्यांनी जोर लावला आणि धडधड थांबली. चेहरा मात्र पडलेलाच. या उपचाराला काही नाव आहे की नाही, असं विचारलं. मी डॉक्टरांकडून ऐकलेलं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं.

"हां," मास्तर उशीला टेकत म्हणाले, "आता बरं वाटतंय."

*

जरीपटक्यात एक कापडवाले होते. दहा मिनिटांत ठणठणीत झाले आणि चपला शोधू लागले. पण बाहेर अख्खी गल्ली जमलेली. त्यांच्या मोठ्या भावाला घाम फुटला. पेशंट पायी बाहेर आला तर बाजारात काय तोंड दाखवायचं? त्यानं त्यांना धरून स्ट्रेचरवर आडवं केलं, वर चादर ओढली. गुलाबभाऊंनी गाडी कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत नेली. तिथं पेशंटनं पान खाल्लं आणि तसाच आडवा होऊन परत आला. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची रांग लागली म्हणे.

*

दवाखान्यात आमचे एक मॅनेजर होते. गाडी रिकामी परत आली की यांच्या पोटात दुखायचं. एकदा डॉक्टरांसमोरच त्यांनी माझी तक्रार केली, की हा ब्रदर गाडी रिकामी आणून राहिला. डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"पुढच्या वेळी तुम्हीही गाडीसोबत जा आणि येताना मागं झोपा," ते म्हणाले.

*

पण पाचपावलीच्या त्या सासूसमोर हे सगळे किरकोळ.

तिची सून सिंधू, माहेर नरखेडकडचं. काम करता करता छाती धडधडायची आणि पोरगी भिंतीला धरून खाली बसायची. समोरचा किराणावाला आम्हाला फोन करायचा. पहिल्यांदा गेलो, माठातल्या पाण्याचं फडकं तोंडावर ठेवलं, ठोके ताळ्यावर आले. सासू कमरेवर हात ठेवून उभी.

"पाण्यानं जाते तो काय रोग असते?" म्हणाली.

मी समजावलं. ओपीडीत पाठवा म्हटलं. पाठवते कशाला! घरभर, गल्लीभर सांगितलं की सून कामचुकार आहे, नाटकं करते. नवराही तेच बोलू लागला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सासूनं निर्वाणीचं सांगितलं, की आता पुन्हा झालं तर हिला नरखेडच्या एसटीत बसवून देणार, आणि नात इथंच राहणार. नात दोन वर्षांची.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी फडकं भिजवत होतो, तर सिंधूनं माझं मनगट धरलं.

"भाऊ, मले इथं बरं नका करू. अशीच न्या. डॉक्टरच्या तोंडून तरी ऐकतील."

माझं डोकंच फिरलं. नेलीही असती, पण नागपूरचे रस्ते मला ठाऊक होते. एका पेशंटची धडधड खड्ड्याच्या दणक्यानंच थांबली होती. ही दवाखान्यात बरी होऊनच पोचली असती आणि सासूला आयतंच सापडलं असतं. मी उठलो, म्हातारीला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिची बोटं सुनेच्या गळ्यावरच्या नाडीवर दाबून ठेवली. हात काढायचा नाही म्हटलं.

बोटांखाली काय पळत होतं ते तिला कळलं. मी सिंधूच्या तोंडावर फडकं ठेवलं. अशा वेळी ठोके ताळ्यावर येण्याआधी क्षणभर पार थांबतात. आम्हाला सवय होती. म्हातारीला नव्हती.

"अवं थांबलं! थांबलं नं हिचं! सिंधू! अवं पोरी!"

मग एक ठोका आला, मग दुसरा. म्हातारी घामाघूम. मी सामान आवरलं तरी तिनं बोटं काढली नाहीत.

तेवढ्यात नवरा कामावरून आला. गाडी पाहून दारातच वैतागला. "आज पुन्हा नाटक केलं का हिनं?"

म्हातारीनं सुनेच्या गळ्यावरचा हात न काढता त्याच्याकडे असं पाहिलं की तो उंबऱ्यातच थांबला.

"नाटक म्हणून कोण म्हणते रे माह्या सुनेले?"