कोपर बघणारी हमीदाआपा

हमीदाआपा पहिल्या भेटीत माणसाचं तोंड बघायची नाही, कोपर बघायची. आखातात, माहूजमधल्या तिच्या फ्लॅटची एक खोली भाड्याने मागायला मी गेले, तेव्हा तिने माझा हात धरून उलटा केला, कोपर उजेडात धरलं आणि म्हणाली, "असली हाय. ये, आत ये." आधी व्हिसा बघेल असं मला वाटलं होतं. कोपराचं काय ते कळलं नाही, पण खोली मिळाली.

आपा रत्नागिरीकडची, जुफैरच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्यावर कायम ओढणी आणि तळहात मात्र नुकतं गाजर किसून उठल्यासारखे. मी तेव्हा एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होते. रंगाने सावळी. आमच्याकडे सावळ्या मुलीला ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतात, ते लहानपणापासून माझ्या वाट्याला पुरेपूर आलेलं.

त्यात हमद टाउनहून एक स्थळ आलं. मिलिंद, एसीचा टेक्निशियन. शुक्रवारी तो आपल्या वहिनींना घेऊन मला बघायला येणार होता. दोन नकार पचवून झाले होते, तिसरा नको होता. गुरुवारी दुपारी आपा कामावर असताना मी तिच्या कपाटातली बिनलेबलची बाटली काढली. "ह्याच्यासाठी मडमा रांग लावतात," असं ती एकदा म्हणाली होती. आता पार्लरमधली महागडी क्रीम माणूस कशासाठी लावतं? गोरं व्हायला. ह्यापलीकडे माझी अक्कल गेलीच नाही. फरक लवकर पडावा म्हणून तोंडाला, गळ्याला, हातांना तीन-तीन थर दिले. बिस्किटासारखा वास येत होता, तोही मला उंची वाटला.

संध्याकाळी आरशात भलतीच बाई उभी होती. कपाळ विटकरी, गालांवर ओघळ, गळ्याला पट्टे आणि तळहात थेट आपासारखे. आपा घरी आली, तिने मला बघितलं आणि भिंतीला टेकून हसत सुटली.

"अगो, ही गोरी व्हायला नाय. गोऱ्या बायका ही लावतात, काळ्या व्हायला."

"आपा, उद्या माणसं येणार. काढून टाक ना," मी रडायच्या बेतात.

"काढता नाय येत. आता सारखा करायचा. यल्ला, चल, बस."

मग घोसाळ्याची वाळकी जाळी, लिंबू आणि साखर घेऊन ती माझ्या मागे लागली. गडद पट्टे घासून फिके केले, अंग कोरडं होऊ दिलं, कोपरांना आणि मनगटांना साधी क्रीम चोळली, आणि राहिलेल्या फिक्या जागांवर बाटलीतला थेंबभर माल क्रीममध्ये पातळ करून पसरला. हातमोजे ती घालायची नाही. "मोजा घातला की चामडी बोलत नाय," म्हणायची. तिचे तळहात तसे का, ते तेव्हा समजलं. माझं कोपर पुसता पुसता तिने कोपर बघण्याचं कारणही सांगून टाकलं. "उन्हाचा रंग कोपरात साठत नाय. मडम सांगते समुद्रावर होती, कोपर सांगतो बाटलीत होती."

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा दोन छटा काळी होते, पण सगळीकडे सारखी. मिलिंदच्या वहिनी जयभीम करून बसल्या आणि जुजबी चौकशी करू लागल्या. मिलिंदने चहा संपवला आणि त्यांच्याकडे वळून तिथल्या तिथे सांगितलं, "मला पसंत आहे." वहिनींचा कप हातातच राहिला.

आठवड्यात रंग उतरायला लागला आणि मला नवीच धास्ती पडली. त्याने पसंत केली ती नक्की कोण? लग्नापर्यंत तरी टिकवू म्हणून मी आपाकडे बाटली मागितली.

"लावायला एक तास, सांभाळायचा रोज," ती म्हणाली. "रोज क्रीम चोळायची, घासून न्हायचा नाय, पाचव्या दिवशी परत हात. मडमांना वेळ हाय. तू संसार करशील का कोपर सांभाळशील? त्याला सांग सगळा. नाय बोलला तर खलास."

पुढच्या शुक्रवारी मी मिलिंदला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि हात पुढे केला. काळ्याभोर हातावर पट्ट्याखालची जागा चांगली गव्हाळ होती.

"गच्च्यांवर एसी बसवून झालंय हे," तो म्हणाला. "लग्नाआधी दाखवावं की नाही, मीपण विचारच करत होतो."

आपाने आमचं लग्न बघितलं आणि दोन वर्षांनी ती कायमची गावी गेली. पुढे एका सुट्टीत मी लेकीला घेऊन रत्नागिरीला तिच्याकडे गेले. तिने दार उघडलं आणि माझं लक्ष आधी तिच्या तळहातांकडे गेलं. स्वच्छ, फिके, कुणाचेही असावेत असे. मला वाईट वाटलं.

"आपा, रंग गेला की."

"सांभाळला नाय, गेला."

माझी लेक माझ्यावर गेली आहे. आदल्याच दिवशी माझ्या आईने तिला मांडीवर घेऊन ‘नाकीडोळी नीटस’ म्हटलं होतं आणि मी गप्प बसले होते. आपाने ओणवं होऊन तिचा इवलासा हात धरला, उलटा केला आणि कोपर उजेडात नेऊन नीट निरखलं.

"असली हाय," ती म्हणाली. "ये, आत ये."