अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत होतो. साठीला आलेला मी, भर कचेरीत पोरासारखा रडलो. नाना माझे चुलते. बसचा नंबर दिसला की त्याला कशाकशाने भाग जातो ते सांगितल्याशिवाय हा माणूस बसमध्ये चढत नसे, आणि त्या नादात कितीतरी बस आमच्या हातच्या निघून गेल्या.

निजामी अमलात ते उर्दू शाळेत गणित शिकवायचे. तिथेच हमीदसाहेबही गणित शिकवीत. दोघांची एका गोष्टीवरून कायम जुंपायची. एकाचा आकडा ओळीने सात वेळा मांडला, तर त्या संख्येला कशाने भाग जातो का? जात असेल, तर वर्गमुळाच्या, म्हणजे एक हजार चोपन्नच्या आतली एखादी मूळ संख्या सापडायलाच हवी. म्हणजे पावणेदोनशेच्या वर भागाकार! रझाकारांच्या धामधुमीत शाळा बंद पडल्या, तेव्हा दोघांनी वाटणी करून घेतली. पाचशेच्या आतल्या नानांच्या, पुढच्या हमीदसाहेबांच्या. हमीदसाहेब भर दुपारी हिमायतनगरला आमच्या ओसरीवर येऊन बसत. दोन्हीकडच्या लोकांना ते खुपायचं. "दिवस काय, आणि यांचं चाललंय काय!" म्हणत काकू चहा ठेवायची. भाग कशानेच गेला नाही. हमीदसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "नाना, इसकू तोडनेवाला पैदाच नै हुआ!"

पोलीस ॲक्शननंतर हमीदसाहेब भावाकडे कराचीला निघाले. निघताना म्हणाले, "सब टूट गया नाना, अपना नंबर नै टूटा."

पुढे कधीतरी भागाकारांची ती जुनी वही चाळताना नानांना चूक सापडली. दोनशे एकोणचाळीसने भाग नेमका जात होता. सहाने गुणताना हातचा धरायचा राहिला होता, आणि हातच्यासाठी पोरांना छड्या मारणारा माणूस हा! हमीदसाहेबांशी पत्रं चालू होती, पण हे कळवायचा धीर नानांना वर्षानुवर्षं झाला नाही. "जाताना त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं रे," म्हणायचे, "आणि तेही मी खोटं दिलं." अखेर आजारपणात त्यांनी मला चार ओळींची कबुली लिहायला लावली. आबिड्सच्या पोस्टात ती मीच टाकली. मग रोज विचारायचे, "आलं का उत्तर?"

उत्तर तेराव्याच्या दिवशी आलं. पत्र उर्दूत होतं, पण मीही उर्दू शाळेतलाच. पंगत उठेपर्यंत मला धीर निघेना, म्हणून आतल्या खोलीत जाऊन वाचलं. हमीदसाहेबांनी लिहिलं होतं, "नाना, दोनशे एकोणचाळीसचं मला निघण्याआधीच ठाऊक होतं. तुमच्या वाट्याचे सगळे भागाकार मी घरी चोरून पुन्हा केले होते. त्या दिवसांत माझा कुणावरच भरवसा उरला नव्हता, तुमच्यावरही नाही. तुमचा तर नुसता हातचा चुकला. मला माफ कराल?"

मी तिथेच कागद घेतला. नाना गेल्याचं आधी लिहावं की... शेवटी पहिल्या ओळीत लिहिलं, "नानांनी माफ केलं."